मेतकुटाच्या पाकिटावरचे चौदा आकडे

शेजारच्या काकू मेतकूट करतात तेव्हा आख्ख्या मजल्याला कळतं. चणाडाळ, उडीदडाळ, तांदूळ, गहू एकेक करून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे, धूर कोंडू नये म्हणून दार उघडं टाकायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवायचं. बरीच वर्षं हे मेतकूट नात्यागोत्यात आणि बिल्डिंगमध्येच संपायचं. मग भाचीने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. पुण्यात कोथरूडपासून विमाननगरपर्यंतच्या ऑर्डरी यायला लागल्या, आणि एक दिवस ओळखीच्या किराणा दुकानदाराने सांगितलं, "काकू, पंचवीस पाकिटं ठेवतो की. पण नंबरवाली द्या."

काकू पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे बिल्डिंगमधला कुठलाही फॉर्म शेवटी माझ्याच डायनिंग टेबलावर येतो. "अगं, मी काय हॉटेल काढलंय का? घरचं तर करते," हे त्यांचं पहिलं वाक्य. हेच वाक्य मी केक करणाऱ्या मुलीकडून, डबे देणाऱ्या वहिनींकडून आणि दिवाळीत चकल्या विकणाऱ्या निवृत्त काकांकडूनही ऐकलंय. म्हटलं, घरून खाण्याचे पदार्थ विकायला कोणता नंबर आणि कोणते कागद लागतात, ते एकदा नीट लिहूनच काढावं.

घरचं असलं तरी धंदाच

आपल्याकडे यासाठी जो कायदा आहे तो म्हणजे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. त्याच्या आधी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. नव्या कायद्याखालचे नोंदणी आणि परवान्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. म्हणजे "हे नवीनच काहीतरी काढलंय" असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

या कायद्यात अन्न व्यवसायाची जी व्याख्या आहे, तिच्यात दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्या आहेत: नफ्यासाठी असो वा नसो, आणि सार्वजनिक असो वा खासगी. "मी फक्त ओळखीत विकते", "नफा काही उरत नाही, हौस म्हणून करते", "दुकान नाही, घरूनच देते" या तिन्ही सबबी तिथेच संपतात. नणंदेला डिंकाचे लाडू करून पाठवणं हा धंदा नव्हे. नणंदेच्या ऑफिसातल्या सहा जणींकडून किलोमागे पैसे घेऊन तेच लाडू पाठवले की तो धंदा झाला. मंडळाचा महाप्रसाद फुकट असतो, तरी तो या व्याख्येच्या बाहेर राहत नाही, हे बऱ्याच कार्यकर्त्यांच्या गावीही नसतं.

नियम राज्याचे की केंद्राचे, यावरही घोळ असतो. कायदा केंद्राचा आहे. नियमावली करते दिल्लीची एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, आणि कायदा राबवतं राज्य. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करतं, ज्याला सगळे एफडीए म्हणतात. पाहणीला येतो तो अन्न सुरक्षा अधिकारी एफडीएचा. त्यामुळे पुण्यात एक नियम आणि बेळगावात दुसरा, असं मुळात नाही.

माझी मामेबहीण अमेरिकेत असते. तिकडे प्रत्येक राज्याचा घरगुती खाद्यपदार्थांचा वेगळा कायदा आहे. साधारण सूत्र असं की ब्रेड, बिस्किटं, जॅम असे फ्रिजबाहेर टिकणारे पदार्थ घरून विकायला सूट, आणि नासणाऱ्या पदार्थांना बहुतेक ठिकाणी मनाई किंवा कडक अटी. तिकडचा कायदा आधी विचारतो, काय करताय? आपला कायदा आधी विचारतो, किती करताय? घरच्या स्वयंपाकघरासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. छोट्या माणसाला सवलत आहे ती आकारमानामुळे. पनीर मसाला करा नाहीतर मेतकूट, तुमची रांग ठरते ती उलाढालीवरून.

नोंदणी आणि परवाना, यांत फरक काय

लोक दोन्हीला सरसकट "फूड लायसन" म्हणतात. कायद्यात ते दोन वेगळे कागद आहेत. कलम ३१ म्हणतं की अन्न व्यवसायाला परवाना हवा. पण त्याच कलमात छोटा उत्पादक, फेरीवाला, तात्पुरता स्टॉलवाला, कुटीरोद्योग यांना परवान्यातून सूट दिली आहे. त्यांनी फक्त नोंदणी करायची. घरून विकणारे बहुतेक सगळे याच रांगेत येतात. पोळी-भाजीचे डबे देणाऱ्यांसाठी तर नोंदणीत घरगुती खानावळ आणि डबेवाले असा वेगळा प्रकारच आहे.

छोटा म्हणजे किती छोटा? २०११ च्या नियमांनी रेषा आखली ती वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीवर. शिवाय उत्पादनाची क्षमता दिवसाला १०० किलो किंवा १०० लीटरच्या आत, दूध हाताळत असाल तर दिवसाला ५०० लीटरपर्यंत. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. केंद्र सरकार हे आकडे अधूनमधून बदलतं, म्हणून अर्ज करायच्या दिवशी सरकारी पोर्टलवर जो आकडा दिसेल तोच धरायचा, कुणाच्या जुन्या व्हिडिओतला नाही.

रेषा कुठेही असो, ती उलाढालीची आहे, नफ्याची नाही. इथे हमखास फसगत होते. डबे देणाऱ्या वहिनींचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. रोज ४० डबे, डब्याला १०० रुपये, महिन्यात २६ दिवस. महिन्याचे झाले १,०४,००० आणि वर्षाचे १२,४८,०००. भाजी, गॅस, मदतनीस बाई आणि डिलिव्हरीवाल्या मुलाचा पगार वजा जाता त्यांच्या हातात त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा राहतो. पण रेषेपाशी मोजला जातो तो सगळा १२,४८,००० चा आकडा. वहिनी बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी श्रीमंत आहे, फक्त मला माहीत नव्हतं."

रेषेपलीकडे गेलात तर राज्य परवाना घ्यायचा. फी हजारांत जाते, कागद वाढतात. उत्पादकांना वर्षाचं विवरणपत्रही भरावं लागतं. नोंदणीवाल्यांना ते भरावं लागत नाही.

अर्ज, आणि दोन हजारांचा धडा

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर. नोंदणीसाठी फॉर्म अ, परवान्यासाठी फॉर्म ब. नोंदणीसाठी लागतं ते म्हणजे फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, काय पदार्थ करता त्याची माहिती आणि मोबाइल. नियम असा आहे की अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण सांगून नाकारावी, किंवा पाहणीची नोटीस काढावी. पाहणी असेल तर ३० दिवसांत निर्णय द्यावा. या मुदतीत काहीच कळवलं नाही, तर छोट्या व्यावसायिकाला काम सुरू करायची मुभा नियमातच दिलेली आहे. सरकारी नियमात असं वाक्य असू शकतं यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता.

आता धडा. काकूंनी मला सगळं सांगून झाल्यावर पर्समधून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. "नोंदणी आहे की माझ्याकडे! मागच्या वर्षी एकाने करून दिली. दोन हजार घेतले." मी कागद वाचला. नंबर खरा होता, पत्ता बरोबर होता. पण व्यवसायाच्या प्रकारात लिहिलं होतं "किरकोळ विक्रेता". काकू विक्रेत्या नाहीत, उत्पादक आहेत. दुसऱ्याचं फरसाण आणून विकणाऱ्या माणसाची नोंदणी त्यांच्या गळ्यात पडली होती. एजंटाने सगळ्यांना एकच प्रकार टाकून दिला असणार. त्याला फी भरायची होती १०० रुपये आणि टिक करायची होती एका चौकटीत, तीही चुकली.

म्हणून सांगते, एजंट ठेवायचाच असेल तर ठेवा, पण फॉर्म पाठवायच्या आधी स्क्रीनवर तीन गोष्टी स्वतः वाचा: व्यवसायाचा प्रकार, पदार्थांची यादी आणि पत्ता. सरकारी दिसणाऱ्या नावाच्या खासगी वेबसाइट गूगलवर सगळ्यात वर येतात. तिथे "सरकारी फी" म्हणून जे मागतात ते सरकारी नसतं.

पत्त्याचंही एक आहे. नोंदणी त्या जागेची असते. कर्वेनगरचं घर सोडून वाघोलीला गेलात, तर पत्ता बदलून घ्यायचा. दोन घरांत काम चालत असेल तर दोन नोंदण्या. प्रमाणपत्र कपाटात ठेवायचं नसतं, फोटोसकट दिसेल असं लावायचं असतं. काकूंनी ते देवघराशेजारी लावलंय, तेही चालतं.

नंबर चौदा आकडी असतो आणि तो वाचता येतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा १५. त्यापुढचे दोन साल सांगतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या घरगुती नोंदणीचा नंबर २१५ ने सुरू होतो. दुकानातलं पाकीट हातात घेऊन बघा, एकदा कळलं की सवयच लागते. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावर छापणंही सक्तीचं आहे. व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवत असाल तर त्यावरही टाका.

लेबल

खरं काम इथे आहे. नोंदणी एका दुपारची. काकूंचं लेबल मात्र आम्ही तीन संध्याकाळी लिहीत होतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी काका कंटाळून झोपायला गेले.

गरम डबा रोजच्या गिऱ्हाइकाच्या दारात जातो, त्याला पाकिटासारखं लेबल कुणी लावत नाही. पण माल आधीच पॅक करून, सील करून दुकानात किंवा कुरियरने जाणार असेल, तर २०२० ची लेबल नियमावली लागते. जोडीला वजनमाप खात्याचे २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत. ते खातं वेगळं, एफडीएचा त्याच्याशी संबंध नाही, आणि उत्पादक किंवा पॅकर म्हणून त्यांच्याकडेही नोंद करावी लागते. पाकिटावर एमआरपी "सर्व करांसहित" लिहायची, निव्वळ वजन लिहायचं, तक्रारीसाठी फोन नंबर द्यायचा. आणि ज्या काट्यावर मोजून विकताय तो पडताळणी होऊन शिक्का मारलेला हवा. ऑनलाइन मागवलेला गुलाबी किचन काटा केकच्या मैद्यासाठी ठीक, विक्रीसाठी नाही.

पहिली अडचण भाषेची आली. काकूंचं लेबल सुंदर होतं, बोरूसारख्या अक्षरात सगळं मराठीत. नियम म्हणतो की सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. इतर भाषा जोडीला चालते, बदली म्हणून चालत नाही. काकू जाम चिडल्या. "मेतकुटाला हिंदीत काय म्हणतात?" काहीही म्हणत नाहीत. शेवटी नाव मोठ्या मराठी अक्षरात राहिलं, आणि बाकी तपशील खाली इंग्रजीत बारीक टायपात गेला.

मग घटक. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, सर्वात जास्त जे पडलं ते आधी. काकूंनी पूर्वी लिहिलं होतं "डाळी, धान्ये व घरगुती मसाले". ते चालणार नाही. म्हणून आम्ही वाटी-चमच्याचं प्रमाण वजनात उतरवलं. चणाडाळ पहिली आली, मग तांदूळ, उडीदडाळ, गहू, मग धने, जिरे, मोहरी, मेथी, सुंठ, हळद, हिंग. हिंगापाशी थांबावं लागलं. आपण डबीतला जो हिंग वापरतो तो निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक असतो आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदाही. डबी उलटी करून घटक वाचले, तर खरंच मैदा होता. चाळीस वर्षं हिंग घालताना काकूंनी ती डबी मागून कधी वाचली नव्हती. मीही नाही.

हे किरकोळ नाही, कारण ॲलर्जीची सूचना वेगळी लिहायची असते: ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट. मेतकुटात गहू आहेच, म्हणून "गहू (ग्लूटेन) आहे" असं लिहिलं. पण समजा तुम्ही "ग्लूटेन नसलेली" ज्वारीची भाकरी-चटणी विकताय आणि चटणीत तो हिंग पडलाय, तर? किंवा उपासाची भाजणी दळून आणलीय त्या गिरणीत, जिथे तुमच्या आधी कुणाचे गहू दळले गेलेत, तर? आईच्या काळी गिरणीवाल्याला "आधी थोडे उपासाचे दळून पहिलं पीठ काढून टाक" असं सांगायची पद्धत होती. ती सोवळ्यासाठी होती, पण ॲलर्जीच्या हिशेबानेही काही वाईट नव्हती.

शाकाहाराची खूण सगळ्यांना माहीत असते, हिरव्या चौकोनात हिरवा भरीव गोल. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी गोल होता. २०२० च्या नियमावलीने त्या जागी तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण आणला, रंग ओळखू न येणाऱ्यांनाही आकारावरून कळावं म्हणून. केक करणाऱ्या मुलीला मी इथे दुखावलं. तिच्या पाकिटावर हिरवा गोल होता आणि केकमध्ये अंडी. नियमाप्रमाणे अंडं मांसाहारात मोडतं. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध मात्र मोडत नाहीत.

पोषणमूल्यांचा तक्ता हाही पॅकबंद मालाच्या लेबलचा भाग आहे. १०० ग्रॅममागे किती ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, फॅट, सोडियम वगैरे. प्रयोगशाळेतून तपासून घेता येतं. प्राथमिक अंदाज हवा असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते घ्यायचे आणि आपल्या प्रमाणाने बेरीज मांडायची.

राहिले तारखा आणि बॅच नंबर. तयार केल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि किती तारखेपर्यंत वापरायचं, दोन्ही हवं. बॅच नंबरने लोक उगाच घाबरतात. एका भाजणीत जेवढं झालं ती एक बॅच, एवढंच. काकू तारखेलाच बॅच नंबर करतात. उपयोग कधी, तर कुणी फोन करून "खवट लागतंय" म्हटलं, की त्याच भाजणीची बाकीची पाकिटं कुणाकडे गेली ते वहीत बघता येतं.

एक शब्द जाहिरातीबद्दल. "मधुमेह मुळापासून घालवणारे मेथीचे लाडू" असं लिहू नका. स्टेटसवर पण नको. अन्नाने रोग बरा होतो असा दावा करायला मनाई आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. "पारंपरिक", "शुद्ध" हे शब्दही मोकाट वापरायचे नसतात, २०१८ च्या जाहिरात नियमावलीत त्यांना अटी घातल्या आहेत.

ओटा, पाणी, तेल

स्वच्छतेचे नियम २०११ च्या त्याच नोंदणी-परवाना नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये आहेत. त्याचा पहिला भाग नोंदणीवाल्या छोट्यांसाठी आहे, आणि तो वाचताना वाटतं की कुणाच्या तरी आजीने सांगितलाय. नखं कापलेली असावीत, हात साबणाने धुतलेले असावेत, जखम असेल तर झाकावी, सर्दी-जुलाब झालेल्याने स्वयंपाकाला हात लावू नये, करताना खाऊ नये, थुंकू नये, कचऱ्याच्या डब्याला झाकण असावं, भिंती-फरशी धड असाव्यात, उंदीर-झुरळं नसावीत. स्टीलचं कारखानदारी स्वयंपाकघर लागतं, ही अफवा आहे. नोंदणीकृत जागेची वर्षातून किमान एकदा पाहणी व्हावी असं नियमात आहे, म्हणून ओटा पाहुण्यांसाठी आवरल्यासारखा नाही तर नेहमीच तसा ठेवलेला बरा.

पुण्यात यातली सगळ्यात कठीण अट म्हणजे पिण्यायोग्य पाणी. पेठांत बसून हे समजणार नाही, धायरी किंवा वाघोलीत टँकरची वाट बघणाऱ्याला लगेच समजेल. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. त्या महिन्यात आमच्या डबेवाल्या वहिनींनी कोशिंबीर आणि चटणी बंद केली, आणि पिण्याचंच नव्हे तर भाज्या धुवायचं पाणीही उकळायला लागल्या. गॅस दुप्पट गेला. गिऱ्हाईक एकही गेलं नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासून रिपोर्ट फायलीत ठेवा. साध्या नोंदणीला कुणी तो मागणार नाही, पण कधी तक्रार आलीच तर तुमच्या बाजूने बोलणारा तो एक कागद असतो.

तेलाचा नियमही खरा आणि मोजता येण्याजोगा आहे. तळून तळून तेलात जे घटक साठतात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, आणि ते २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी मोजायला यंत्र नसतं. पण तेल काळपट झालं, फेस मावेना, कडबोळी टाकण्याआधीच धूर यायला लागला, की त्याचं काम संपलं. दिवाळीच्या आठवड्यात "आजचा घाणा संपू दे" हा मोह सगळ्यात जास्त असतो.

आणि वर्तमानपत्रात बांधणं बंद. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी त्याला मनाई केली आहे. बोहरी आळीत बटर पेपर किलोवर मिळतो.

बाकीचे कागद

हे भराभर सांगते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक असतो. वीज मात्र थोडी उदार आहे. घरातल्या एका भागात व्यवसाय करत असाल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या, वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लावायची तरतूद राज्याच्या वीजदर आदेशांत वर्षानुवर्षं चालत आली आहे. मोठा ओव्हन घेतलात की ही मर्यादा कधी ओलांडली ते बिल आल्यावरच कळतं.

शॉप ॲक्टचं महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने सोपं झालं. मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते, आणि बँकेत चालू खातं उघडताना तीच मागतात. छोट्या उद्योगांसाठीची केंद्राची उद्यम नोंदणी फुकट आहे. जीएसटीची मर्यादा माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख, आणि जेवण पुरवण्यासारख्या सेवेला २० लाख. झोमॅटो-स्विगीवर जेवण विकत असाल, तर १ जानेवारी २०२२ पासून त्यावरचा जीएसटी तेच गोळा करून भरतात. तिथे नाव लावायला एफएसएसएआयचा नंबर मात्र आधी लागतो.

सोसायटीबद्दल एवढंच, की एफडीएचा कागद म्हणजे सोसायटीची परवानगी नव्हे. तळणाचा वास, लिफ्टमध्ये डिलिव्हरीवाल्यांची ये-जा, पार्किंगमध्ये गाड्या: भांडणं होतात ती यावरूनच. भाड्याचं घर असेल तर मालकालाही आधी विचारा. काकूंच्या बाबतीत सोसायटीचे चेअरमनच महिन्याला दोन पाकिटं घेतात, त्यामुळे तिथे अडचण आली नाही.

चूक झाली तर

घाबरवायचं नाही, पण आकडे माहीत असावेत. लेबल चुकीचं असेल तर कमाल ३ लाख. केस, खडा, सुतळी असं काही अन्नात निघालं तर १ लाखापर्यंत. अस्वच्छ जागी केलं तर तेवढंच. हे कमाल आकडे आहेत. दंड ठरवताना किती फायदा उकळला, किती नुकसान झालं, पुन्हा पुन्हा केलं का, नकळत झालं का, हे सगळं बघायचं असतं. छोट्यांना आणखी एक सवलत आहे. गिऱ्हाइकाने मागितलं एक आणि दिलं दुसरं, उदाहरणार्थ साजूक तुपातले म्हणून डालड्यातले लाडू दिले, तर नोंदणीवाल्याला त्यासाठी २५,००० रुपयांच्या वर दंड होत नाही. मोठ्यांना तोच गुन्हा कितीतरी महाग पडतो. नियम पाळले जात नसतील तर अधिकारी सुधारणा नोटीस देऊ शकतो, आणि तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते.

उलट बाजूने, तुमचं गिऱ्हाईकही पदार्थ घेऊन, तुम्हाला सांगून, फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तो तपासून घेऊ शकतं. कायद्याने त्याला तो हक्क दिलाय.

काकूंची नोंदणी आता उत्पादक म्हणून झाली आहे. बोहरी आळीतून पाऊच आणले, तारखेचा रबरी शिक्का करून घेतला. एकच प्रश्न राहिला होता, मेतकूट किती दिवस टिकतं? काकू म्हणायच्या सहा महिने, पण ते त्यांच्या बरणीत. पाऊचमध्ये, दुकानाच्या मांडणीवर, मे महिन्यात किती? म्हणून ठरवलं की एका भाजणीची पाच पाकिटं बाजूला ठेवायची, दर महिन्याला एक फोडून वास-चव बघायची आणि वहीत लिहायचं. पहिली दोन व्यवस्थित निघाली. तिसरं बघायला गेलो तर फळीवर दोनच पाकिटं होती. काकांनी एक फोडून भातावर घेतलं होतं, तूप घालून. विचारलं तर म्हणाले, "छान होतं."

वहीत तिसऱ्या महिन्यापुढे काकूंनी तेच लिहून ठेवलंय.